स्लीपरचं टेबल

दौंड,
ता. ८ जानेवारी १९७८

चि. धुरपदा,

जय भीम. सासऱ्याचं पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. जालिंदर कामावर जातो आणि तुझी आत्तेसासू कुशाबाई दिवसभर बोलते, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम आहे. हे पत्र मी घरात कुणाला न सांगता, स्टेशनबाहेरच्या चहावाल्याच्या बाकड्यावर बसून लिहितोय. आपल्या घरात लिहायला जागा नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

तू परत ये, असं सांगायला मी लिहीत नाही. ते ज्यानं सांगायचं त्यानं सांगावं. रातपाळीवरून आलेल्या जालिंदरनं चूल पेटवायला हाताशी लागले म्हणून तुझ्या मॅट्रिकच्या अभ्यासाचे कागद आत सारले, ते झोपेत झालं असेल. पण तू विचारल्यावर ‘लिहून काय कलेक्टर होनार हायेस?’ असं म्हणाला, तेव्हा तो चांगला जागा होता. पिठाचा डबा पालथा घालून त्याच्यावर तू पावसाळाभर लिहिलेलं सगळं एका चहाच्या आधणाला गेलं. तू ट्रंक उचललीस आणि इनामगावला माहेरी गेलीस. आता कुशाबाईनं त्याच्यासाठी दुसऱ्या मुलीची चौकशी चालवली आहे. जालिंदर हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, आणि मला त्याचा फार राग येतो.

असो. मी लिहितोय ते लाकडाबद्दल.

दौंडच्या यार्डात रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर काढून सिमेंटचे टाकताहेत. काढलेले स्लीपर आम्हा रिटायर लोकांना जळण म्हणून नेऊ देतात, तसे आपल्याही दारात येऊन पडलेत. काळेकुट्ट, तेलानं माखलेले, जागोजाग खिळ्यांची भोकं पडलेले. कुशाबाई म्हणाली, “आख्ख्या मुलखाच्या संडासाची घान त्याच्यावर पडलीया, घरात आनू नगंस.” तिचं खोटं नाही, म्हणून मी ते दोन दिवस धुतले आणि मग फोडायला घेतले.

पहिला घाव घातला तर कुऱ्हाडच उसळून आली. दुसऱ्या घावाला एक ढलपी निघाली आणि पोरी, आत मधाचा रंग. मी वाकून वास घेतला. इतकी वर्षं इंजिनाचं तेल आणि ऊनपाऊस खाऊनही आत लाकडाचा वास ताजा होता, जणू झाड काल पाडलंय. मी तिथंच मातीत बसलो. चावीवाल्याचं काम म्हणजे रोज हातोडा घेऊन रुळाकडेनं चालायचं, रूळ धरून ठेवणारी चावी ढिली झाली असेल तर ठोकायची आणि पुढं जायचं. सगळी नोकरी माझी नजर खाली, स्लीपरवर. मला वाटायचं स्लीपर आतून-बाहेरून काळाच असतो.

कुशाबाईनं आतून विचारलं, “आधन कवाचं ठिवलंय, जळान कुठं हाय?” मी म्हणालो, “आज गोवऱ्या लाव.” तेव्हापासून ती माझ्याकडे संशयानं बघते.

तुझा मामा,
खंडू


दौंड,
ता. २२ जानेवारी

चि. धुरपदा,

जय भीम. तुझं कार्ड पोचलं. ‘मामा, लाकडाचं काय करणार’ एवढं विचारलंस, आणि नवऱ्याचं नावसुद्धा काढलं नाहीस. हरकत नाही. लाकडाचंच सांगतो.

हौसेला घाई फार. मी घरीच करवत चालवून भांड्यांची मांडणी ठोकली आणि चुलीशेजारी उभी केली. स्लीपरमध्ये काही साधे असतात आणि काही डांबराचं तेल पाजलेले. मी नेमका तेल प्यालेला घेतला होता. दुसऱ्या दिवशी भाकरीला वास, पाण्याला वास, कुशाबाईच्या लुगड्याला वास. जालिंदरनं एक घास खाल्ला आणि विचारलं, “आज भाकरी मनमाड पॅसेंजरनं आली व्हय?” तू गेल्यापासून तो पहिल्यांदा धड एक वाक्य बोलला, म्हणून मी मांडणीला माफ केलं. कुशाबाईनं केलं नाही. मांडणी आता अंगणात आहे आणि कोंबड्यासुद्धा तिच्याजवळ बसत नाहीत.

मग चांगले वास घेऊन निवडलेले दोन स्लीपर भांडगावच्या कांद्याच्या ट्रकात टाकून यवतला नेले. तिथं हायवेला शंकरराव सुताराची करवत गिरणी आहे. लाकूड पात्यावर चढलं आणि असा आवाज झाला की समोरच्या ढाब्यावरचे लोक उठून उभे राहिले. आत खिळ्याचं तुटलेलं टोक होतं. पात्याचे दात गेले. शंकरराव तोंडाचे फटकळ. म्हणाले, “पोटात लोखंड ठिवून लाकूड आनता व्हय? आधी ते काढा, मग तोंड दाखवा.” मी त्यांच्याच आवारात बसून पटाशीनं एकेक टोक उकरून काढलं. जे खिळे आयुष्यभर ढिले होऊ नयेत म्हणून धडपडलो, तेच आता निघता निघेनात.

दुसऱ्यांदा लाकूड चढलं ते लोण्यासारखं कापलं गेलं. दोन फळ्या वेगळ्या झाल्या आणि आतल्या रेषा उघड्यावर आल्या. काय सांगू तुला. एकीला एक लागून बारीक रेषा, मध्येच कुठं गाठ आली की तिला वळसा घालून पुढं गेलेल्या. ते झाड वाढत होतं तेव्हाचे पाऊस, तेव्हाचे दुष्काळ सगळे त्यात आहेत. कोरड्या वर्षांनी रेष बारीक केली आणि ओल्या वर्षांनी रुंद. शंकररावांनी गिरणी बंद केली. फटकळ माणूस, पण फळीवर पंजा ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, “साग हाय. आपल्याकडला न्हाई, ब्रह्मदेशाकडनं आलेला असावा. असलं लाकूड आता बघायला मिळायचं न्हाई, खंडूबा.”

मला तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. कुठल्या रानातलं झाड, बोटीत चढलं, समुद्र ओलांडून आलं, दौंडच्या खडीत झोपलं आणि अंगावरून मद्रास मेल घेत राहिलं. लग्नाची वऱ्हाडं गेली, पलटणी गेल्या, मयतं गेली. त्यानं हूं की चूं केलं नाही. आणि आपण त्याच्यावर चहा करणार होतो.

त्याचं टेबल करावं असा विचार आहे. घरात एक टेबल असावं, एवढंच. दुसरं काही नाही.

तुझा मामा,
खंडू


दौंड,
ता. ६ फेब्रुवारी

चि. धुरपदा,

जय भीम. परवा तुझ्याकडून निघालो ते थोडा रागातच निघालो, हे तुझ्या लक्षात आलं असेल. न्हावऱ्यापर्यंत बैलगाडीत तुझ्या वडिलांशी एक शब्द बोललो नाही. बबनरावांना वाटलं मला गाडी लागते. त्यांनी आवळा दिला.

पण रागाचं नंतर. आधी जे बघितलं ते लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

तू घरी नव्हतीस. बबनराव म्हणाले, पोरगी खोदकामावर रोजानं जाते, अभ्यास सकाळी करते. मला वाटलं विहिरीचं खोदकाम. घोड नदीच्या काठावर ते मला घेऊन आले तर तिथं दोऱ्या बांधून चौकोन आखलेले, आणि तू उकिडवी बसून एका बारक्या कुंचल्यानं माती झाडत होतीस. माती झाडणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मी कौतुकानं पुढं आलो आणि तू ओरडलीस, “मामा, पाय! तिथं खांब हाय.”

मी खाली बघितलं. खांब कुठंच नव्हता. सपाट जमीन, तिच्यात ताटलीएवढा एक गोल, आजूबाजूच्या मातीपेक्षा थोडा काळपट. म्हणालो, “कुठं हाय खांब?” तू म्हणालीस, “व्हता. लाकडाचा व्हता, कुजला. त्याच्या जागी वरची माती हळूहळू उतरली, म्हनून रंग येगळा. खांब गेला मामा, पन त्याची जागा न्हाई गेली.” आणि मग बोटानं दाखवत गेलीस. हा एक, तो दुसरा, पुढं तिसरा. बघता बघता सगळे गोल एका रांगेत आले, रांग वळली, आणि माझ्या डोळ्यांसमोर घर उभं राहिलं. मध्ये चुलीची लालभडक भाजलेली जागा. एका बाजूला खांबांमध्ये फट. तू म्हणालीस, “हितं दार असंल.”

मी चपला काढल्या ते तू बघितलंस आणि हसलीस. हस. मला दुसरं काही सुचलं नाही. खोदकाम करवून घेणारे पुण्याचे साहेब सांगतात की त्याला तीन हजार वर्षं झाली. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी नदीकडे तोंड करून दार ठेवलं, खांब रोवला, त्याच्याभोवतीची माती टाचेनं दाबली. ती माणसं गेली, त्यांची नावं गेली, बोली गेली. लाकूडही गेलं. आणि लाकूड जिथं होतं ती जागा अजून कुणाला पाय देऊ देत नाही. माझ्या अंगावर काटा आला, तो एस.टी.त बसेपर्यंत गेला नाही.

आता राग. मी पिशवीतून फळीचा तुकडा काढला आणि तू सरळ विचारलंस, “टेबल माज्यासाठी करताय ना?”

“व्हय.”

“मी आले तर मिळनार. आन् न्हाई आले तर?”

मी तुकडा तुझ्या हातात दिला. तू म्हणालीस, “मग ते टेबल न्हाई मामा. गळाला लावलेलं गांडूळ हाय.”

चार बायका कुंचले थांबवून ऐकत होत्या. कुठल्या सासऱ्याला राग येणार नाही. पण तू तो तुकडा हातातून टाकला नाहीस. नाकाशी नेलास, रेषांवरून अंगठा फिरवलास, खिळ्याच्या भोकात बोट घातलंस. जाताना एवढंच म्हणालीस, “सुतार म्हनंल भोकं बुजवू. बुजवू देऊ नका.”

शंकररावांना सांगितलंय. बुजवणार नाहीत.

तुझा मामा,
खंडू


दौंड,
ता. २० फेब्रुवारी

चि. धुरपदा,

जय भीम. टेबल झालं आणि मी तोंडघशी पडलो.

माझं सगळं आयुष्य जमिनीवर बसून गेलं. टेबल किती उंच असतं हे मला काय ठाऊक. मी स्टेशन मास्तरांच्या खोलीत जाऊन त्यांच्या टेबलाला दोरी लावून माप घेतलं आणि शंकररावांना दिलं. त्यांनी इमानानं तेवढंच केलं. चौघांनी उचलून घरात आणलं, अर्धी खोली व्यापली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे खुर्ची नाही. सतरंजीवर बसलं की टेबल कपाळाला लागतं. कुशाबाई चारी बाजूंनी फिरली आणि म्हणाली, “आता हेच्यावर लिवायला धुरपदा उभी ऱ्हानार का झाडावर चढनार?”

पण दिसतं कसं म्हणशील, तर सकाळी दारातून ऊन येतं ते त्याच्यावर पडलं की मी चहा विसरतो. जवसाचं तेल पाजलंय. मधाचा रंग आता गुळाच्या पाकावर गेलाय. भोकं उघडी आहेत आणि त्यांच्याभोवती लोखंडाचा निळा-काळा डाग पसरलाय, ढगासारखा. शेजारपाजारचे येऊन हात फिरवून जातात. यार्डात माझ्याबरोबर राबलेला जुना गँगवाला आला, त्यानं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, “ह्यो आपला स्लीपर?” मी हो म्हणालो तर त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

पाय कापून बुटकं करावं असं मी ठरवलं होतं. करवत हातात घेतली तसा जालिंदर म्हणाला, “पाय कापायचे न्हाईत.” का, ते सांगितलं नाही.

आता मुख्य सांगतो. रविवारी कुशाबाईनं भांडगावचे पाहुणे बोलावले. कसले पाहुणे ते तुला कळलं असेल. मुलीचा बाप आणि चुलता. मला आदल्या संध्याकाळी कळलं, जालिंदरला तर पाहुणे दारात आल्यावर. लोखंडी खाटेवर दोघं अंग चोरून बसले, कारण समोर टेबल. मुलीच्या बापानं त्याच्यावर हात ठेवला आणि विचारलं, “लाकूड झ्याक हाय. कुनाचं म्हनायचं हे?” कुशाबाई घाईनं म्हणाली, “पडलंय आपलं असंच.”

जालिंदर दारात उभा होता, इंजिनाच्या शेडमधून कामावरून आलेला, हात काळे. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. आता हा पोरगा नेहमीसारखा गप्प बसला तर काय करायचं, हीच भीती होती. तो म्हणाला, “माज्या बायकूचं हाय. ती परीक्षेला बसतीया.”

पाहुण्यांनी चहा घेतला आणि भली माणसं होती, हात जोडून गेली. कुशाबाई अजून त्याच्याशी बोलत नाही. घरात इतकी शांतता मी प्रथमच अनुभवतोय.

आणि ऐक. उरलेला तुकडा घेऊन जालिंदर अंगणात स्टूल करत बसतो. रंधा धरता येत नाही, इंजिनाचा नट पिळावा तसा लाकूड पिळतो. परवा मला विचारलं, “ती बसली की हात कुठवर येतो तिचा?” मी म्हणालो, बायको तुझी, मला काय विचारतोस. तो रंधा खाली ठेवून उभा राहिला. मग आपल्या पोटाशी हात आडवा धरून स्वतःशीच म्हणाला, “हितवर.”

तुझा मामा,
खंडू


दौंड,
ता. १ मार्च

चि. धुरपदा,

जय भीम. हे पत्र आणणाऱ्याला तू ओळखतेस. त्याच्याबरोबर टेबल आहे. एस.टी.च्या टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, “आगगाडीचा माल आगगाडीनं न्या की.” तरी त्यानं दोर धरला, आणि फळी बघून खाली गोणपाट घालायला लावलं.

तू म्हणालीस ते मी पुष्कळ दिवस घोळवलं. गळ काढून टाकलाय. टेबल तुझं आहे. तू आलीस तर तुझं आणि नाही आलीस तरी तुझं. परीक्षा महिन्यावरसुद्धा राहिली नाही, तेव्हा ते तू जिथं आहेस तिथं असलं पाहिजे. इथं मला त्याच्याकडे बघत बसण्यापलीकडे त्याचा काय उपयोग.

स्टूल त्यानं केलंय. एक पाय आखूड आहे. त्याच्याखाली कागदाची घडी घाल, पण तुझ्या लिहिलेल्या कागदाची नको, ती सवय ह्या घराला एकदा लागली तेवढी पुरे. उजवीकडच्या कोपऱ्यातल्या भोकात पेन उभं राहतं. मी घालून बघितलंय.

तो तुला काही सांगेल का, मला माहीत नाही. एस.टी. स्टँडपर्यंत काय बोलायचं ते घोकत होता, ओठ हलताना मी बघितले. विसरला तर स्टूल बघ.

एक गोष्ट राहिली. टेबल उचललं तेव्हा खालच्या जमिनीत चार खळगे दिसले. सागाचं वजन, आपली शेणामातीची भुई, थोडेच दिवस उभं होतं तरी चारी पाय रुतले होते. मी बघत राहिलो. मला घोड नदीचा काठ आठवला. जालिंदरही बघत होता. मग टेबल बाहेर काढलं. खोली आता फार मोठी दिसते.

तुझा मामा,
खंडू


दौंड,
ता. ७ मार्च

चि. धुरपदा,

जय भीम. जालिंदर काल आला. जातो म्हणाला होता एका दिवसासाठी, आला तो रजा संपवून. काय झालं विचारलं तर म्हणाला, “काय न्हाई.” तासाभरानं म्हणाला, टेबल दारातून आत जाईना म्हणून ओसरीवर ठेवलं. आणखी थोड्या वेळानं म्हणाला, तू लिहीत होतीस आणि तो समोर कंदिलाची काच पुसत बसला होता. एवढं बाहेर काढायला मला त्या स्लीपरमधल्या खिळ्यांपेक्षा जास्त मेहनत पडली.

जेवताना मात्र आपणहून बोलला. “मी तिला खळग्यांचं सांगितलं. तिनं तुमाला निरोप दिलाय. मामास्नी म्हनावं, ते चार खळगे सारवू नका.”

मी हातातला घास ताटात ठेवला. बाकी काही तू म्हणाली नाहीस, आणि मला बाकी काही नको होतं.

आज सकाळी कुशाबाई शेणकाला कालवून भुई सारवायला बसली. मी म्हणालो, “तेवढे चार सोड.” ती म्हणाली, “का बरं? पाय मुरगळंल कुनाचा तरी.”

मी म्हणालो, “तिथं टेबल हाय.”

तिनं रिकाम्या जमिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. वेडा झालास का, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. पण तिनं पदर खोचला, बादली सरकवली आणि चारी खळग्यांच्या कडेकडेनं, आत बोट न जाऊ देता, हळूहळू सारवत गेली.

पेपर नीट लिही.

तुझा मामा,
खंडू